एका कॉन्चेर्टोचे पाठभेद

सरांच्या कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात 'बेथोव्हन, पियानो कॉन्चेर्टो ४, जी मेजर' एवढेच लिहिलेले होते. वादक कोण, वाद्यवृंद कोणता, ध्वनिमुद्रण कोणत्या सालचे, याचा कोठेही उल्लेख नव्हता. पोथीच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव आणि शक सापडला नाही की जे अस्वस्थ होत, त्या सरांनी आपल्या घरातील ही एक प्रत मात्र निनावी राहू दिली होती. मुंबईच्या एका नातलगाने ती तबकडीवरून उतरवून दिलेली. त्यालाही पुढे काही आठवेना.

नव्वदच्या दशकात आम्ही तिघेचौघे विद्यार्थी रविवारी सकाळी औरंगाबादेतील (आताच्या छत्रपती संभाजीनगरातील) त्यांच्या घरी जमत असू. काम पाठचिकित्सेचे. ते आटोपले आणि वीज टिकून असली, तर सर टेपरेकॉर्डर लावीत. आमच्या गावात पाश्चात्त्य वाद्यवृंद समक्ष ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आमच्यापुरता बेथोव्हनचा चौथा कॉन्चेर्टो म्हणजे ती साठ मिनिटांची कॅसेट होय. तिसऱ्या खंडाच्या ऐन भरात तिची एक बाजू संपे. सर तोवर पुन्हा एखाद्या प्रतीत बुडालेले असत; मग काकू स्वयंपाकघरातून हात पुसत येत आणि कॅसेट उलटी करून परत जात. हे संगीत त्यांना आवडते की नाही, हे विचारण्याचे आम्हाला कधी सुचले नाही.

सर गेले. कॅसेट त्याआधीच ताणली जाऊन निकामी झाली होती. वर्षश्राद्ध झाल्यावर काकू म्हणाल्या, "ते सरांचं वाजवणं कुठं मिळतं का बघ."

मी हे काम हलकेच घेतले. त्या हलकेपणामागे एक सिद्धान्त होता, हे आता कबूल केले पाहिजे. कलाकृती स्वरलेखनात असते, वादन हा तिचा केवळ एक दाखला, अशी माझी समजूत होती. नेल्सन गुडमनने 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) या ग्रंथात ती टोकापर्यंत नेली आहे : एक स्वर चुकला तरी ते त्या कृतीचे वादन ठरत नाही, उलट स्वर अचूक असतील, तर लय कितीही बेताल असो, ते त्याच कृतीचे वादन. या हिशेबाने काकूंना 'चौथा कॉन्चेर्टो' आणून दिला की काम संपले. त्यातल्या त्यात उत्तम प्रत निवडावी, इतकेच. मुंबईच्या काळा घोडा भागातील 'ऱ्हिदम हाउस'मधून (ते दुकान २०१६ साली बंद झाले) मी एमिल गिलेल्सने लिओपोल्ड लुडविगच्या संचालनाखाली १९५७ साली केलेले ध्वनिमुद्रण आणले. आजही ते मला श्रेष्ठ वाटते. १८०६ च्या सुमारास रचलेल्या या कृतीत बेथोव्हनने वाद्यवृंदाच्या आधी पियानोला बोलू दिले आहे. पाच मात्राखंडांचे ते हळुवार वाक्य प्रश्न विचारल्यासारखे अर्ध्यावर थांबते आणि तंतुवाद्ये त्याला भलत्याच, अपेक्षेपलीकडच्या स्वरस्थानातून उत्तर देतात. गिलेल्सच्या हाती त्या पहिल्याच स्वरगुच्छाला वजन आहे, घासूनपुसून लखलखीत केलेल्या पितळेची झळाळी आहे.

काकूंनी पहिला खंड पूर्ण ऐकला. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण हे ते नाही."

वर्गात वाचककेंद्री समीक्षा शिकवणारा मी मनातल्या मनात हसलो. प्रथमश्रवणाची सवय, स्मरणरंजन, अशी नावे माझ्याजवळ तयारच होती. पुढे मीच ते निवांत ऐकले, तेव्हा पहिल्या खंडाच्या अखेरीस थबकलो. तेथे वाद्यवृंद थांबतो आणि पियानोवादक एकटाच, आधीच्या स्वरवाक्यांचा विस्तार करीत, आपले कौशल्य दाखवतो. या जागेला कॅडेन्झा म्हणतात. कॅसेटवरचा कॅडेन्झा हा नव्हता. बेथोव्हनने या खंडासाठी स्वतः दोन कॅडेन्झा लिहून ठेवले आहेत. निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांतून मी दोन्ही ऐकले. कॅसेटवरचा त्या दोहोंपैकी एकही नव्हता. सरांच्या प्रतीत बेथोव्हनचा नसलेला मजकूर होता.

माग काढणे मग अवघड गेले नाही. विल्हेल्म केम्फ (१८९५–१९९१) हा जर्मन पियानोवादक स्वतः रचनाकारही होता, आणि या कॉन्चेर्टोत तो बेथोव्हनचे कॅडेन्झा बाजूला ठेवून स्वतःचा वाजवीत असे. ते ऐकताच ओळख पटली.

पटली, आणि मी अस्वस्थ झालो. येथून पैठण पन्नासएक किलोमीटरवर आहे. तेथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी मिसळू पाहणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. आमच्या रविवारच्या बैठकींचे अधिष्ठान तो इशारा होता. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून छापलेल्या प्रतीविषयी सर तासन्‌तास शंका उपस्थित करीत; प्रक्षिप्त ओवीभोवती तांबड्या पेन्सिलीने खूण करताना त्यांचा हात कधी कचरला नाही. त्याच सरांनी वर्षानुवर्षे डोळे मिटून ऐकला तो केम्फचा प्रक्षेप! त्यांना ते ठाऊक होते का? आता विचारायची सोय उरलेली नाही.

बचाव करता येतो. कॅडेन्झाची जागा मुळात वादकाच्या उपजेसाठी मोकळी सोडलेली असे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात या कॉन्चेर्टोचा पहिला जाहीर प्रयोग झाला, तेव्हा पियानोवर खुद्द बेथोव्हन होता. बंदिशीचे शब्द तेच ठेवून बढत आपली करणाऱ्या गवयाला आपण प्रक्षेपकार म्हणत नाही. पण ज्या रचनाकाराने ती मोकळी जागा पुढे स्वहस्ते दोनदा भरली, त्याचे लेखन दूर सारणे ही उपज म्हणायची की अतिक्रमण? मला विचाराल तर केम्फचा कॅडेन्झा बेथोव्हनच्या पहिल्या कॅडेन्झापुढे फिका आहे. केम्फ मोठा आहे तो इतरत्र. दुसऱ्या खंडात सगळी तंतुवाद्ये एकसुरात दरडावतात आणि पियानो खालच्या आवाजात बोलत राहतो. अवघ्या ७२ मात्राखंडांचा हा प्रसंग. तेथे केम्फ विनवणी करीत नाही, वादही घालत नाही. समोरचा दमेपर्यंत आपले वाक्य पुरे करीत राहतो. गिलेल्स त्या जागी अधिक सुंदर वाजवतो, आणि त्या सौंदर्याचीच मला अडचण होते.

कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे हे सांगणारी पुस्तके उतरत्या क्रमाने तारे देतात. त्यांचा श्रोता कोणत्याही घरात वाढलेला नसतो, त्याने आधी काही ऐकलेले नसते. मीही काकूंसाठी निवड केली ती असा श्रोता गृहीत धरून.

तरीही पेच सुटला नव्हता. केम्फचीच दोन ध्वनिमुद्रणे हाती आली : पाउल व्हान केम्पेनच्या संचालनाखालचे १९५३ चे आणि फर्डिनांड लाइटनरबरोबरचे १९६१ चे. वाद्यवृंद दोन्हींत बर्लिन फिलहार्मोनिकच. कॅडेन्झा दोन्हींत केम्फचाच. पहिले एकमार्गी, दुसरे स्टिरिओ. पण सरांच्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर हा फरक कसा कळणार? प्रतीचे कूळ ओळखायचे ते तिच्या गुणांवरून नव्हे, तर तिच्या चुकांवरून आणि गळलेल्या ओळींवरून, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा. मी दोन्ही घेऊन काकूंकडे गेलो.

आधी १९५३ चे लावले. त्या स्वयंपाकघरातच होत्या. तिसरा खंड भरात आला तशा हात पुसत बाहेर आल्या, टेपरेकॉर्डर जेथे असे त्या कोनाड्यापाशी थांबल्या आणि वादन पुढे चालूच राहिलेले पाहून परत गेल्या. तासाभराने १९६१ चे लावले. काकू त्याच जागी बाहेर आल्या.

"यातलं कोणतं, काकू?"

"इथं बाजू संपायची," त्या म्हणाल्या. "जरा थांबव."

मी थांबवले. कॅसेट काढून, उलटी करून, पुन्हा बसवायला लागे तितका वेळ त्या कोनाड्यापाशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान हलवली आणि मी पुढचे लावले.