पासोलिनी आणि आईचा ब्लॉक

२००६ सालातली गोष्ट. अंधेरीत आम्ही चौघं एक टू बीएचके शेअर करायचो. शनिवारची रात्र, चकली, खारे शेंगदाणे आणि ऑफिसमधल्या एकाने कुठून तरी पैदा केलेली एक डीव्हीडी. 'जगातला सगळ्यात डेंजर पिक्चर आहे, कित्येक देशांत बॅन होता,' एवढीच त्याची जाहिरात. आम्हाला ती पुरेशी होती. इटालियन, बॅन आणि कव्हरवर उघडी माणसं! चौघांच्या मनात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पाऊण तासात टीव्ही बंद. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, शेंगदाणे तसेच राहिले. शेवटी एकजण म्हणाला, 'कसला विकृत माणूस आहे रे हा डायरेक्टर!' त्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि पिएर पाओलो पासोलिनी हा विषय आमच्या घरात तिथेच संपला.

माझ्यापुरता मात्र नाही संपला. कारण दुसऱ्या दिवशी डीव्हीडी परत करताना कव्हरच्या मागचा मजकूर सहज वाचला. पिक्चरचं नाव 'सालो', साल १९७५. तो पडद्यावर यायच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २ नोव्हेंबरला, रोमजवळच्या ओस्तिया इथे डायरेक्टरचा खून झालेला. नंतर कळलं, मारहाण करून त्याच्या अंगावरून त्याचीच गाडी नेली होती. सतरा वर्षांच्या एका मुलाला शिक्षा झाली. तीस वर्षांनी, २००५ मध्ये त्याने आपला जबाब फिरवला. खरं काय घडलं यावर इटलीत अजून वाद चालतात.

असं मरण आलेला माणूस नुसताच विकृत असेल, हे पटेना. मग मी त्याचे पिक्चर शोधून शोधून बघायला लागलो. काही फिल्म सोसायटीत, काही फुटपाथवरच्या डीव्हीडींवर, पुढे नेटवर.

'सालो' मला आजही आवडत नाही, पण तो काय म्हणतो ते आता कळतं. मुसोलिनीच्या शेवटच्या दिवसांतलं राज्य आणि चार बडे लोक: एक सरदार, एक बिशप, एक न्यायाधीश, एक अध्यक्ष. ते नऊ मुलं आणि नऊ मुली एका बंगल्यात कोंडतात आणि त्यांचं काहीही करतात, कारण त्यांना ते करता येतं. गोष्ट १९४४ ची असली तरी पासोलिनीचा रोख १९७५ च्या इटलीवर होता. माणसाचं शरीर ही एक वस्तू झाली, वापरा आणि फेका, हे त्याचं म्हणणं. फॅसिझमला जे जमलं नाही ते ग्राहकसंस्कृतीने करून दाखवलं, सगळ्यांना एका साच्यात बसवलं, असं तो पेपरांतून उघड लिहायचा. १९७३ मध्ये 'जीझस' नावाच्या जीन्सची जाहिरात आली. तिच्यात बायबलमधली एक आज्ञा वळवून स्लोगन केलं होतं. त्यावर या गृहस्थाने 'कोरिएरे देल्ला सेरा'सारख्या बड्या दैनिकात लेख लिहिला. जीन्सच्या जाहिरातीवर! मी तेव्हा एका जाहिरात एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंगला होतो, त्यामुळे हे वाचताना जरा चोरट्यासारखं झालं. (आणि हो, त्याच्या अंगावरून गेलेली ती गाडी अल्फा रोमिओ होती. साधी राहणी वगैरे काही नाही.)

त्याच्याशी कुणाचंच पटलं नाही. जन्म १९२२ चा, बोलोन्यातला. मुळात कवी. समलैंगिकतेच्या एका प्रकरणावरून १९४९ मध्ये शाळेतली नोकरी गेली आणि कम्युनिस्ट पक्षानेही हाकललं. १९५० च्या जानेवारीत आईला घेऊन तो रोमला आला. शहराबाहेर तुरुंगालगतच्या वस्तीत राहायचे, सुरुवातीला आईने लोकांच्या घरी कामं केली. चर्चला तो धर्मबुडवा वाटायचा. 'ला रिकोत्ता' या छोट्या फिल्मसाठी १९६३ मध्ये धर्माचा अवमान केला म्हणून त्याला शिक्षा झाली. त्याच माणसाने पुढच्याच वर्षी मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर असा काही सिनेमा केला की कॅथलिक संस्थेनेच बक्षीस दिलं. त्यात येशू झालाय एक स्पॅनिश विद्यार्थी, आणि म्हातारी मेरी आहे खुद्द पासोलिनीची आई, सुझान्ना. क्रुसाखाली कोसळणारी ती बाई बघताना ती नट नाही हे लगेच कळतं. मग १९६८. विद्यार्थ्यांची रोममध्ये पोलिसांशी मारामारी झाली तेव्हा सगळे डावे विद्यार्थ्यांच्या बाजूने, आणि हा पोलिसांच्या! का, तर पोलीस गरिबांची पोरं आहेत आणि विद्यार्थी शेठजींची.

पण मला खरा धरून ठेवला तो 'मम्मा रोमा'ने. १९६२ चा, ब्लॅक अँड व्हाइट. आन्ना मान्यानी त्यात रस्त्यावर धंदा करणारी बाई झालीय. ती तो धंदा सोडते, भाजी-फळांचा ठेला घेते, गावाकडे वाढलेल्या पोराला आणते आणि रोमच्या कडेला नव्या सरकारी वसाहतीत राहायला जाते. आता चांगल्या वस्तीत आलो, चांगल्या पोरांत मिसळायचं, हा तिचा धोशा. पोराला रेस्टॉरंटमध्ये वेटरची नोकरी लागावी म्हणून ती नको ते उद्योग करते, त्याला मोटरसायकल घेऊन देते. पोराला यातलं काहीच नको असतं. आई काय करायची हे कळल्यावर तो चोरीकडे वळतो, पकडला जातो आणि तुरुंगात पलंगाला बांधलेल्या अवस्थेत तापाने मरतो. पलंगावरचा तो देह कॅमेरा असा दाखवतो की चर्चमधलं ख्रिस्ताचं चित्र वाटावं. हे काम करणारा एत्तोरे गारोफोलोही वेटरच. पासोलिनीने त्याला फळांची थाळी नेताना बघितलं आणि त्याला काराव्हाज्जोचं चित्र आठवलं.

म्हणजे पासोलिनीच्या हिशेबाने पोराला मारलं कुणी? आईच्या स्वप्नाने. त्या नव्या ब्लॉकने. झोपडपट्टीतलं बेछूट जगणं खरं आणि मध्यमवर्गी होण्याची हाव हा रोग.

इथे माझं आणि त्याचं वाजलं.

मी लालबागच्या चाळीत जन्मलो. दहा बाय बाराची खोली, वडील मिलमध्ये. १९८२ च्या संपानंतर आईने खाणावळीचे डबे करायला घेतले, पहाटे चारला उठून. नऊ वर्षं पै-पै जोडून १९९१ मध्ये डोंबिवलीत ब्लॉक घेतला. सेल्फ-कन्टेन्ड! संडास घरात! मी बारा वर्षांचा होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात आईने बजावलं, 'आता त्या चाळीतल्या पोरांत जायचं नाही, शिव्या शिकून येशील.' शेजारच्या खोलीतला माझा दोस्त, ज्याच्यासोबत मी गणपतीत रात्र-रात्र जागलो, त्याला भेटणं तिथे संपलं. मी गेलो नाही. शिव्या ऑफिसात शिकलो.

त्यामुळे गरिबीचे गोडवे गाणाऱ्या माणसाला मला सांगावंसं वाटायचं, साहेब, सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहा, मग बोलू. आणि तरीही 'मम्मा रोमा' बघताना घसा दाटायचाच. दोन्ही खरं.

मुंबईचं आणि त्याचं नातंही याच वळणाचं आहे. लेखक आल्बेर्तो मोराव्हियाबरोबर तो इथे आला आणि १९६२ मध्ये त्यावर छोटं पुस्तक काढलं. त्याची सुरुवात गेटवेसमोरच्या ताजमध्ये, मध्यरात्री. मोराव्हिया झोपायला जातो आणि हा बाहेर पडतो, अंधारात माणसं बघत. १९६८ मध्ये इटालियन टीव्हीसाठी त्याने भारतावर अर्ध्या तासाची फिल्म केली. एका राजाची गोष्ट त्याला करायची होती: भुकेल्या वाघांना तो स्वतःचं शरीर देतो आणि पुढे स्वतंत्र भारतात त्याचं कुटुंब उपाशी मरतं. सिनेमा झाला नाही, राहिली ती नुसती टिपणं. कॅमेरा घेऊन तो लोकांना विचारत सुटतो, कारखाने आले म्हणजे तुम्ही आमच्यासारखे होणार का? फिल्म विस्कळीत आहे. पण चेहरे जवळून, घाई न करता बघतो. तेवढं मात्र त्याला यायचं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी डोंबिवलीला आईकडेच अडकलो. दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा, संध्याकाळी करायला काही नाही. एकदा मनाचा हिय्या करून आईला 'मम्मा रोमा' लावून दिला. सबटायटल्स तिला पळती वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो. बाईच्या धंद्याचं कसं सांगावं या विचारात होतो, तर आईच म्हणाली, 'कळलं मला, पुढे चल.' सुरुवातीला लग्नाच्या जेवणात ती डुकरं घेऊन येते आणि खदाखदा हसते, तिथे आई खूश. 'ही आपल्या चाळीतलीच वाटते.' पोरगा वेटर होतो आणि आई लपून त्याला बघते, डोळ्यांत पाणी, तिथे आमच्या हॉलमध्ये एकदम शांतता. मी माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी आई स्टेशनपर्यंत मागे आली होती, ते मला खूप नंतर कुणाकडून तरी कळलं होतं.

पिक्चर संपला. आई म्हणाली, 'तिने पोराला चांगलं घर दिलं, यात तिचं काय चुकलं?'

मी पासोलिनीची बाजू जमेल तशी मांडली. हाव, साचा, वगैरे. तिने ऐकून घेतलं.

'तो स्वतः कुठे राहायचा?'

'आधी वस्तीत. नंतर पैसे आल्यावर रोममध्ये एऊर म्हणून चांगला भाग आहे, तिथे.'

'एकटा?'

'नाही, आईला घेऊन. शेवटपर्यंत.'

'मग!' आई म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

मला वाटलं, विषय संपला. जेवताना ताटात भात वाढता वाढता तिने विचारलं, 'आपल्या शेजारच्या खोलीतला तुझा तो मित्र... त्याचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?'

नव्हता.