दोनशे तास, पंधराशे तास

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. एटीआर ७२, म्हणजे बाहेर दोन पंखे गरगरणारं, सत्तरेक सीटचं. वर्ध्याच्या माणसासाठी विमान म्हणजे नागपूर हे इतकी वर्षं ठरलेलं. आता आर्वी-आष्टीवाल्यांना दुसरी दिशाही मिळाली. बेलोऱ्याला एअर इंडियाची पायलट शाळा २०२४ मध्येच जाहीर झाली होती, आणि गोंदियाजवळ बिरशीला तर एक आधीपासून आहे. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात, जिथे बारावी सायन्सचं पोरगं आहे तिथे, नवीन प्रश्न आलाय: पायलट करायचं का? आणि मी 'कंप्युटरवाला' म्हणून मला विचारतात. (काय संबंध? पण असो.)

तर आधी हिशोब. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. खर्च पन्नास लाखांच्या पुढेच. त्यानंतर ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं टाइप रेटिंग वेगळं, आणि त्याचेही पैसे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. आपण आयटीवाले कॅम्पसमधून उचलले गेलो, बेंचवर बसून कंपनीच्या पगारात जावा शिकलो. पायलट आधी बापाच्या पैशाने शिकतो, मग नोकरी शोधतो.

नोकरी मिळाली तरी छोट्या विमानावरच्या को-पायलटचा पगार साधारणपणे एअरबसवाल्यापेक्षा कमीच. मग माणूस तिथे का राहतो? तासांसाठी. पुढचं एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्स मिळायला १५०० तास लागतात. म्हणजे पगाराचा एक भाग त्याला लॉगबुकात मिळतो, आणि लॉगबुक दाखवून बँकेचा हप्ता फिटत नाही! सोडून जावं म्हटलं तर २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. आपण नव्वद दिवसांवर कुरकुरतो.

यात प्रवाशांचं काय जातं? १२ फेब्रुवारी २००९ ची गोष्ट बघा. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, उडवणारी कंपनी छोटी. चौकशीत कळलं की को-पायलट मुलगी सिअ‍ॅटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि ड्यूटीसाठी रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. सुनावणीत तिचा पगार वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास सांगितला गेला. कंपनीने नंतर आकडा वाढवून दिला. अपघाताचं मुख्य कारण मात्र कॅप्टनची चूक ठरलं: विमान स्टॉलकडे चाललंय अशी सूचना मिळाल्यावर त्याने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला.

मग अमेरिकेने २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट घातली. गंमत अशी की त्या दोघांचेही तास याहून जास्तच होते. म्हणजे नुसते तास मोजून भागत नाही. ते तास कोणत्या ट्रेनिंगचे, किती झोपेनंतरचे, हे मोजावं लागतं. पण त्या अटीचा दुसरा परिणाम झाला. पायलट मिळेनासे झाले, आणि २०२२ मध्ये तिथल्या काही रिजनल कंपन्यांनी नवख्या को-पायलटचा दर थेट तासाला ९० डॉलरवर नेला. पैसे द्यायचेच नव्हते असं नाही, द्यावे लागत नव्हते इतकंच.

आपल्याकडे उडान योजनेत २०१७ मध्ये तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास भाडं ठरलं, आणि कंपनीचा तोटा भरून द्यायला सरकारी पैसा. चांगलंच आहे, मीही बसेन. पण स्वस्त सीटची उरलेली किंमत कोणीतरी भरत असतो, आणि त्यात त्या पंचवीस वर्षांच्या को-पायलटचा बापही असतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही. तीनच गोष्टी विचारून या म्हणतो. त्या शाळेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या किती पोरांना नोकरी लागली? पहिल्या वर्षी हातात किती येतात? आणि लायसन्स मिळून दोन वर्षं नोकरीच नाही लागली तर हप्ता कोण भरणार? किंगफिशर २०१२ ला बसली, जेट २०१९ ला. तेव्हा तासांनी भरलेली लॉगबुकं घेऊन माणसं घरी बसली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'वावर विकू' असं असेल, तर सातबारा बाहेर काढायच्या आधी पहिल्या दोनांची उत्तरं लेखी घ्या.