चटणीची बरणी माळ्यावर

आम्हां कोल्हापूरकरांचा पावसाळा राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत मोजला जातो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत तर ५६ ओलांडले. शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या खानावळीत दोन्ही वेळा पाणी शिरले.

टेबल-खुर्च्या काय हो, पुन्हा मिळतात! पण उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी आणि उधारीची वही बुडाली, तर तांबडा रस्सा कशाचा करायचा नि पैसे कुणाकडे मागायचे? म्हणून सासूबाईंचा नियम आहे: मृगाआधी बरण्या आणि वही माळ्यावर. ३९ फूट झाले की पिठाचे डबे, मिक्सर वरच्या मजल्यावर. ४३ ची वाट न बघता रेग्युलेटर काढून सिलिंडरही वर, मेन स्विच बंद. विम्याच्या कागदात पुराचा उल्लेख आहे ना, हे आधीच वाचून घ्यावे.

पाणी ओसरले की आधी नुकसानीचे फोटो, मग चिखल. भिजलेले पीठ-मसाले, जीव कितीही तुटला तरी फेकायचेच. वायरमनने तपासल्याशिवाय बटण दाबायचे नाही. दोन्ही पुरांत उपसा केंद्रे बुडून नळ कोरडे पडले होते. स्वच्छ पाणी मिळेतो चूल पेटवायची नाही.

आणि रोजच्या गल्ल्यातले थोडे पैसे एका डब्यात टाकावेत. २०२१ ला भाकऱ्या थापणाऱ्या मावशींचेही घर पाण्यात होते. त्यांना बंद दिवसांची मजुरी त्याच डब्यातून दिली. खानावळ पुन्हा उभी राहिली ती त्यांच्याच हातांवर.

तुमच्याकडेही असा डबा असू द्या, मैत्रिणींनो. तोसुद्धा माळ्यावरच हं!