लेहची वाट आणि जुनी मोटारसायकल

लावणी उरकली, भांगलणी संपली, की सुगीपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. या दिवसांत हल्ली गावोगावची तरणी पोरे मोटारसायकलवरून लडाखला निघतात. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी शोधतात. तुमच्या घरात असा बेत शिजत असेल, तर गाडी बघण्याआधी वाट कशी आहे ते समजून घ्या.

मनाली ते लेह सुमारे ४३० किलोमीटर. २०२० साली रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हापासून पहिली खिंड टळली. पुढच्या टळत नाहीत. बारालाचा सोळा हजार फुटांवर, तांगलांग ला सतरा हजारांच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. कार्बोरेटरची गाडी काळा धूर ओकते आणि चढाला बसते.

त्यात नाले. वरचे बर्फ उन्हाने वितळते आणि दुपारनंतर पाणी रस्त्यावरून वाहू लागते. म्हणून नाले सकाळीच ओलांडावेत. पाण्याखाली गोटे असतात. पुढचे चाक लहान असले की ते गोट्याला अडते आणि गाडी आडवी होते.

बुलेट पोरांना आवडते, आणि तिची दुरुस्ती जाणणारे त्या बाजूला मिळतातही. पण आमचे मत विचाराल तर जुनी हिमालयन ४११ बघावी. ती २०१६ पासून २०२३ पर्यंत निघाली. पुढचे चाक २१ इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. त्यातही कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनची घ्यावी. हवा विरळ झाली की ती पेट्रोल आपोआप कमी करते. टाकी पंधरा लिटरची. तरी तांडीच्या पंपावर ती काठोकाठ भरा आणि पाच लिटरचा कॅन जवळ ठेवा. तेथून लेह साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि चढावर मायलेजचा हिशेब टिकत नाही.

बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चालवूनही बघतो. इथेही तसेच करा. सकाळी न सांगता जा. इंजिनाला हात लावा; गरम लागले तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे असे समजा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकले तर कोनसेट गेला. स्पोकवर पान्याने टिचकी मारा, सैल स्पोक बद्द वाजतो. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळले आहे का, सांगाड्याला नवे वेल्डिंग आहे का, तेही बघा. वेल्डिंग दिसले तर सौदा तिथेच सोडा, किंमत कितीही उतरली तरी. चासी नंबर आरसीशी ताडून घ्या. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा कागद आधी, पैसे मागून.

निघताना क्लचची नवी वायर जुन्या वायरीच्या बाजूनेच ओवून, टेपने बांधून ठेवा. थंडीने बोटे बधिर झालेली असताना ती शोधत बसावे लागत नाही.