गुलमर्गला बर्फ नव्हता

आमच्या अब्बांनी चिपळूणच्या शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने हिमालय काढायचा, त्याच्या अंगावर तुटक रेघेने हिमरेषा आखायची आणि मुलांना सांगायचे, "या रेघेच्या वर बर्फ वितळत नाही." स्वतः मात्र त्यांनी बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीतला. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवावे लागले. दवाखान्यातून घरी आल्यावर एका दुपारी ते सहज म्हणाले, "एकदा बर्फ पडताना पाहायचा राहिला बघा." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच रात्री काश्मीरचा बेत ठरला.

सहल नीट आखायची म्हणून आम्ही माहिती काढली. काश्मिरात थंडीचा सर्वांत कडक काळ म्हणजे 'चिल्लई कलान', 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. बर्फ पाहायचा तर चिल्लई कलानमध्येच जावे, असे सगळ्यांनी सांगितले. म्हणून जानेवारी 2024 च्या दुसऱ्या आठवड्याची विमानाची तिकिटे काढली. दोन वर्षे साठवलेले पैसे त्यात गेले. अम्मींनी सगळ्यांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या.

आणि मग बर्फ पडेनाच. डिसेंबर कोरडा गेला. बातम्यांमध्ये गुलमर्गचे उघडे, तपकिरी कुरण दिसू लागले. आमचा कॉलेजात जाणारा थोरला तेव्हापासून हवामानवेडा झाला. उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे तो रोज रात्री मोबाईलवर पाहायचा. काश्मिरातली हौशी मुले काय अंदाज देतात तेही वाचायचा आणि सकाळी चहाबरोबर आम्हाला बातमी द्यायचा, "इराणवर ढग आहेत. चार दिवसांत पोचतील." ढग पोचायचे, पण विरळ होऊन, किंवा उत्तरेकडून निसटून जायचे.

अब्बांना यात शिकवायला विषय मिळाला. काश्मीरचा हिवाळी पाऊस आणि बर्फ आपल्या मोसमी पावसासारखा नसतो, त्यांनी नातवंडांना समजावले. भूमध्य समुद्राकडे कमी दाबाचे पट्टे तयार होतात. ते इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि हिमालयाला धडकून बाष्प रिकामे करतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्या हिवाळ्यात ते थोडेच आले आणि आले ते दुबळे होते. शिवाय ते अल् निनोचे वर्ष होते. आम्ही ऐकत होतो, पण मनात एकच हिशेब चालू होता : तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

श्रीनगरला उतरलो तर दुपारी स्वच्छ ऊन. टोप्या पिशवीतच राहिल्या. रात्री मात्र हाडे गोठली. आभाळात ढगांचे पांघरूण नसले की दिवसा जमीन तापते आणि रात्री सगळी ऊब वर निघून जाते. सकाळी दल सरोवराच्या काठाला बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला होता. धाकटीने काठीने तो फोडला आणि विचारले, "हा बर्फ चालेल का दादाजी?" अब्बा म्हणाले, "हे गोठलेले पाणी झाले बाळ. आपल्याला आभाळातून पडणारा हवा."

जुम्मा होता. आम्ही उतरलो होतो त्या गल्लीतल्या मशिदीत नमाजनंतर इमामसाहेबांनी बराच वेळ दुआ केली. भाषा सगळी कळली नाही, पण 'शीन' हा शब्द पुन्हा पुन्हा कानावर आला. शीन म्हणजे बर्फ. त्या दिवसांत खोऱ्यात ठिकठिकाणी नमाज-ए-इस्तिस्का पढली जात होती. पावसासाठीची ही नमाज आम्ही कोकणातली माणसे कधी पढलेलो नाही. आमची दुआ उलटी असते. 22 जुलै 2021 च्या रात्री वाशिष्ठीचे पाणी जिना चढून वर येत होते, तेव्हा माळ्यावर बसून आम्ही पाऊस थांबावा म्हणून रडत होतो. परतताना अब्बा म्हणाले, "हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी दोन्ही दुआ शिकवल्या आहेत. पाऊस यावा म्हणूनही, आणि फार झाला तर तो आमच्यावर नको, आजूबाजूच्या डोंगरांवर, रानांवर पडावा म्हणूनही."

दुसऱ्या दिवशी गुलमर्गला निघालो. गाडीचा चालक गप्पिष्ट होता. तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारी दुकाने आहेत. एरवी तिथे गर्दीत उभे राहायला जागा नसते म्हणे, आणि पुढच्या चढाला चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. त्या दिवशी बुटांच्या रांगा तशाच मांडलेल्या होत्या आणि दुकानदार उन्हात कांगडी बाजूला ठेवून बसले होते. गाडी सरळ वर गेली.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण 2650 मीटर उंचीवर आहे. समोर पसरलेले कुरण आमच्या सड्यावर मे महिन्यात दिसते तसेच होते, वाळलेल्या गवताचे. मधोमध लाकडी स्लेज उलटे करून ठेवलेले. एक मध्यम वयाचा स्लेजवाला अब्बांजवळ येऊन बसला. अब्बांनी विचारले, "बेटा, आज काम नाही?" तो हसला. "हाजीसाहेब, गवतावरून स्लेज कशी ओढू?" घोडेवाल्यांना निदान थोडे काम होते. याचे सगळे बर्फावर. तीन महिने ओढायचे आणि त्यात वर्षाचे भागवायचे. दोन मुली शाळेत होत्या. तो पुढे म्हणाला, "माझे जाऊ द्या. खाली सफरचंदाच्या बागा आहेत. आता नाही पडला तर उन्हाळ्यात पाणी कुठून येणार?"

अब्बांनी आम्हाला जवळ बोलावून त्याचे म्हणणे समजावले. चिल्लई कलानचा बर्फ कडक थंडीत पडतो, म्हणून तो थरावर थर घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत सावकाश वितळत राहतो. झरे, नाले, झेलम सगळे त्यावर पोसले जातात. उशिरा पडलेला बर्फ ओला असतो, लवकर वाहून जातो. सफरचंदाच्या झाडालाही थंडीची झोप पुरेशी लागते. हिवाळा उबदार गेला तर ते लवकर जागे होते, फुलते आणि नंतरच्या गारठ्यात मोहोर मार खातो. वाशीच्या बाजारातून आमच्या गावी येणारे सफरचंद आम्ही भाव करून घेतो. त्यामागे एवढे बर्फाचे गणित असेल, हे कधी मनात आले नव्हते.

आम्हाला जरा लाज वाटली. घरी महिनाभर आम्ही "बर्फ पडू दे" म्हणत होतो ते आमच्या चार दिवसांसाठी, फोटोसाठी, अब्बांच्या हौसेसाठी. तो माणूसही तेच म्हणत होता, पण त्याच्या म्हणण्यात दोन मुलींची फी होती आणि खोऱ्याचे पाणी होते.

गंडोल्याने वर अफरवटला गेले तर सावलीतल्या खळग्यांत थोडा जुना बर्फ आहे, असे कळले. पण ती उंची 3900 मीटरच्या पुढची. डॉक्टरांनी अब्बांना तिथे जायला साफ मना केले होते. आम्ही नको म्हणत होतो, पण अब्बांनीच नातवाला पाठवले. "तू बघून ये आणि मला सांग." आम्ही खाली उन्हात बसलो. अब्बा डोंगराकडे पाहत होते. "ती बघा हिमरेषा," ते म्हणाले, "मी फळ्यावर काढायचो त्याच्या कितीतरी वर सरकली आहे." ते हसून म्हणाले, पण अम्मींनी तोंड फिरवले.

दोन तासांनी थोरला धावत आला. हातात आमचा चहाचा थर्मास. झाकण उघडून त्याने अब्बांच्या तळहातावर मूठभर बर्फ ओतला. राखाडी, खडबडीत, कडेने पाणी सुटलेला. अब्बांनी तो दुसऱ्या हातात घेतला, दाबून पाहिला, नाकाशी नेला. काही बोलले नाहीत. बोटे लाल झाली तरी टाकला नाही.

चालक टाळी देत ओरडला, "हाजीसाहेब, अडकलात!" मग त्याने सांगितले. हंगामाचा पहिला बर्फ पडला की काश्मिरात एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात. कोणी बर्फाचा तुकडा गुंडाळून चुकवून दुसऱ्याच्या हातात दिला आणि त्याने घेतला, तर घेणाऱ्याने मेजवानी द्यायची. त्यानुसार त्या दुपारी अब्बांनी चालक, स्लेजवाला आणि आम्ही सगळे, अशी एकत्र बिर्याणी खाऊ घातली. स्लेजवाला आधी संकोचला. अब्बा म्हणाले, "मी हरलो आहे बेटा, तुला यावेच लागेल." निघताना त्याने थोरल्याचा नंबर घेतला.

चार दिवस संपले. बर्फ पडला नाही. विमानातून खाली डोंगर दिसत होते, शिखरे पांढरी आणि खाली सगळे कोरडे. अब्बा खिडकीला नाक लावून शेवटपर्यंत पाहत होते.

घरी आल्यावरही थोरल्याचे ढग पाहणे थांबले नाही. आता अम्मीही विचारायच्या, "इराणवर काय आहे रे?" फजरनंतर अब्बांच्या दुआत आमच्या सगळ्यांच्या नावांमागे आणखी एक वाक्य आले : या अल्लाह, त्या लोकांना बर्फ दे.

जानेवारी संपता संपता, चिल्लई कलान सरत आली तेव्हा, एका सकाळी मोबाईलवर चित्रफीत आली. पांढरे झालेले कुरण, पांढरे छप्पर आणि कॅमेऱ्यासमोर कापसासारखा उतरणारा बर्फ. मागून स्लेजवाल्याचा आवाज, "हाजीसाहेब, शीन मुबारक!" पुढच्या दिवसांत आणखी पडला. फेब्रुवारीत गुलमर्गला खेलो इंडियाचे हिवाळी खेळही झाले. उशिराचा बर्फ पूर्ण भरपाई करत नाही, हे अब्बांनी सांगून ठेवले होते. तरी आला.

अब्बांनी ती चित्रफीत चष्मा लावून तीनदा पाहिली. मग थोरल्याला म्हणाले, "त्याला विचार, स्लेज निघाली का. आणि मुलींची फी भरली का तेही विचार."

उत्तर संध्याकाळी आले. स्लेज निघाली होती.