पोत्यातला पैसा आणि वहीतला हिशेब



17 सप्टेंबरला झेंडावंदनानंतर आम्ही हैदराबाद मुक्तिसंग्रामाची माहिती सांगत होतो. उमरी बँकेपर्यंत आलो आणि सातवीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, मग ही चोरीच की हो?" मुले हसली. आम्हाला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. ते उत्तर आज देत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तरी भाषेतील चुका पोटात घालाव्यात.

1947 साली आपले अफजलपूर निजामाच्या राज्यात होते. भीमेपलीकडचे सिंदगी, इंडी मुंबई प्रांतात. 15 ऑगस्टला तिकडे स्वातंत्र्य आले. इकडे रझाकारांची दहशत वाढली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर छावण्या उभारल्या. ते रात्री राज्यात शिरत, करोडगिरीची नाकी जाळत, तारा तोडत. शिंदीची झाडेसुद्धा पाडत, कारण शिंदीवरच्या करातून निजामाची तिजोरी भरत असे.

हे लोक शिपाईगडी नव्हते. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ 1903 साली सिंदगीला जन्मले. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, पुढे संन्यासी झाले. ते तुरुंगात असताना लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू या वकिलांकडे आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्याकडे होती. गोविंदभाईही पूर्वी शिक्षकच. आमच्यासारखेच खडूने हात पांढरे झालेले हे लोक!

30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर कार्यकर्त्यांनी धाड घातली. सुमारे 20 लाख रुपये हाती आले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी! पैसा सरहद्दीपलीकडे गेला, लढ्याला लागला. त्याचा हिशेब ठेवला गेला आणि उरलेली रक्कम पुढे सरकारच्या स्वाधीन केली गेली. गुप्त कामात पावती मागणारे कोण असते? तरीही हिशेब लिहिला.

बाळा, निजामाच्या कायद्याने तो गुन्हाच होता आणि तो करणाऱ्यांना ते ठाऊक होते. पण चोर हिशेब लिहीत नाही. आमचे उत्तर एवढेच आहे. ते तुला पटले नाही तर पुन्हा विचार.

तुझ्या प्रश्नाने आम्हाला आमचेच एक जुने प्रकरण आठवले. नोकरीच्या सुरुवातीला एका सहलीचे 340 रुपये आमच्याकडे उरले होते. कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. चहापाण्यात गेले. रक्कम लहान होती, पण लाज अजून गेलेली नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च आम्ही स्वतःच्या हाताने लिहून सूचना फलकावर लावणार आहोत. सर्वांनी वाचावा. त्या मुलाने तर आधी वाचावा.