धरणगावच्या बायका कुठं गेल्या?

मैत्रिणींनो, ऐतिहासिक कादंबरी हातात आली की स्वयंपाकघराकडे लक्ष राहत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेलच. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त रमाबाई थेऊरला सती जायला निघाल्या आणि इकडे माझ्या तव्यावर दोन पोळ्या करपल्या!

शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ साली आली. जळगावच्या वाचनालयात नंबर लावून मी ती मिळवली. सासूबाईंना मोतीबिंदू होता, म्हणून दुपारची झाकपाक झाली की मोठ्यानं वाचून दाखवायची. स्वारी निघाली, पेठ लुटली, असं आलं की माझा आवाज चढायचा. एकदा त्यांनी मधेच अडवलं. त्यांचं माहेर धरणगाव. म्हणाल्या, "आमनं गाव बी लुटं व्हतं म्हने. मंग तठल्या बाया कोठे गयात वं?"

तिथल्या बायका कुठं गेल्या? मला उत्तर येईना. खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पाहिलं. इंग्रजांनी धरणगावला १६७४ साली वखार घातली, दुसऱ्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली, १६७९ मध्ये पुन्हा गाव लुटलं. बस्, एवढंच.

गैरसमज नको हं. खानदेश तेव्हा मोगलांचा मुलूख. तिथली श्रीमंत पेठ लुटली की बादशहाची रसद तुटे, हे मलाही पटतं. बायकापोरांना हात लावू नका, ही महाराजांची ताकीद तर सासूबाईंनाही तोंडपाठ. पण वेशीवर टापा वाजल्या की घरातल्या बाईला ते कसं कळायचं? घोडी कुणाची, हे ती दार उघडून थोडीच बघणार!

पुढे धुळ्याला नणंदेकडे गेले, तेव्हा राजवाडे संशोधन मंडळात डोकावले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं मिळवली. ते ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले आणि लगेच १९२७ साली मंडळ निघालं. तिथले जुने कागद पाहून हात जोडावेसे वाटतात. पण मला जे दाखवलं त्यात बाईच्या हातचं काही नव्हतं.

खरं तर कादंबरीकारांना इथंच मोकळं रान होतं. पण त्यांची बाई ओवाळते, वाट पाहते, नाहीतर सती जाते. लुटलेल्या गावातली बाई माझ्या वाचनात तरी आली नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "कुठंच लिहिलेलं नाही."

त्या हसल्या. त्यांच्या आजीनं पेंढाऱ्यांच्या वेळची गोष्ट सांगितली होती. आरोळी उठली की चांदी मडक्यात घालून चुलीखाली पुरायची आणि वर जाळ पेटता ठेवायचा. पेटत्या चुलीत कोण हात घालतो?

"आनि पोरं?" मी विचारलं.

त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वाच फुढे."